पारदर्शक चित्राच्या कडा

दिवाळी उलटली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गाव त्या हंगामाचे मुख्यालय बनते. अनेक नाट्यमंडळांची कार्यालये येथे आहेत. मंडईसाठी किंवा शंकरपटासाठी नाटक ठरवायचे तर आसपासच्या गावांतील माणसे येथेच येतात. या मंडळांचे फलक विज्ञानाच्या शिक्षकांनी एकदा अगदी जवळून पाहावेत. जांभळ्या किंवा गर्द निळ्या रंगावर सात-आठ कलावंतांची छायाचित्रे कापून बसवलेली असतात. दुरून फलक भरगच्च आणि देखणा दिसतो. जवळ गेल्यावर एखाद्या चेहऱ्याभोवती पांढरी किनार दिसते, तर दुसऱ्याच्या कानाजवळ मूळ छायाचित्रातील भिंतीचा तुकडा तसाच राहिलेला असतो. केसांची तर बहुतेक वेळा दैनाच होते. सुट्या बटा कापल्या जातात आणि नायिकेच्या डोक्यावर टोप ठेवल्यासारखे वाटते.

कापणाऱ्याचा हात सुटला असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. चित्राची कडा नेमकी कोठे संपते, हा प्रश्नच मुळात अवघड आहे. संगणकाच्या पडद्यावर एक चित्र दुसऱ्यावर ठेवण्याच्या या साध्या कामाने वेबपाने बनवणाऱ्यांना दहा वर्षे छळले. १९९६ मध्ये या प्रश्नाचे चांगले उत्तर प्रसिद्ध झाले. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये ते पूर्णपणे उतरायला २००६ साल उजाडले. त्या उत्तराची, म्हणजे पीएनजी नावाच्या चित्रमानकाची, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या वागणुकीची समीक्षा आम्ही येथे करणार आहोत. नाटकाची होते तशी मानकाचीही समीक्षा व्हावी, कारण मानकही शेवटी माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूर असतो आणि तोही कधी नीट वाचला जातो, कधी नाही.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. संगणकाचा पडदा बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका पिक्सेलला एका वेळी एकच रंग असतो. त्याचा अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा असे करता येत नाही. आता ‘र्की’ हे अक्षर पडद्यावर काढायचे आहे असे समजा. वरची शिरोरेघ सरळ आडवी असल्याने ती पिक्सेलांच्या ओळीत नेमकी बसवता येते. वेलांटी आणि रफार मात्र वळणाचे. त्यांची कडा काही पिक्सेलांना अर्धे झाकते, काहींना पाव. अशा पिक्सेलांना काळ्या-पांढऱ्याच्या मधला करडा रंग दिला, की डोळ्याला वळण गुळगुळीत भासते. न दिला तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात.

गोम या करड्या रंगातच आहे. त्यात अक्षराचा रंग आणि मागच्या कागदाचा रंग दोन्ही मिसळलेले आहेत. रंगाची तीव्रता ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. काळे अक्षर पांढऱ्यावर काढले, तर निम्म्या झाकलेल्या पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही घटक सुमारे १२८ होतात. हेच अक्षर कापून गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर ठेवू. त्या हिरव्याचे घटक ०, १००, ० आहेत असे धरा. काठावरचा पिक्सेल ०, ५०, ० असायला हवा होता, पण आपण बरोबर आणलेला पिक्सेल आहे १२८, १२८, १२८. काळ्या अक्षराभोवती हिरव्याहून उजळ अशी करडी-पांढुरकी किनार उमटते. वडशाच्या फलकावरची किनार याच जातीची. चेहऱ्याबरोबर मूळ छायाचित्रातील भिंतीचा रंग काठाकाठाने चोरून आलेला असतो.

१९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने जिफ हा चित्रप्रकार आणला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत चित्रातील जास्तीत जास्त २५६ रंगांपैकी एक रंग ‘पारदर्शक’ म्हणून जाहीर करण्याची सोय झाली. त्या रंगाचा पिक्सेल आला की ब्राउझर तेथे काही काढत नाही, मागचे दिसू देतो. सोय चांगली होती, पण ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच जाणत होती. अर्धे झाकणे तिच्या शब्दकोशात नव्हते. त्यामुळे जिफ चित्राला एक तर पायऱ्या तरी असत किंवा किनार तरी.

मराठीला हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त झाला, याची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर देवनागरी नीट दिसायची तर मूळ सीडी घालून जटिल लिपींसाठीच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत. प्रत्येक वाचक हे करील याचा भरवसा नव्हता. म्हणून वृत्तपत्रे स्वतःचे फाँट उतरवून घ्यायला सांगत, आणि ज्यांना तेही शक्य नव्हते ते मराठी मथळे, कधी कधी सगळा मजकूरच, चित्राच्या रूपात देत. इंग्रजी पानावर पारदर्शक चित्र म्हणजे बोधचिन्ह किंवा एखादे सजावटीचे बटण. मराठी पानावर मात्र शाळेचे नाव, सूचना, निकालाचा मथळा असे सगळे चित्र होते. तेथे किनार आली, तर ती वाचण्याच्या मजकुरालाच येत असे.

या अडचणीचे गणिती उत्तर जिफच्याही आधी मिळालेले होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणाऱ्या एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलला तांबडा, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा दिला. हा पिक्सेल चित्राने किती झाकला आहे, हे तो सांगतो. त्याला त्यांनी अल्फा म्हटले. अल्फा माहीत असला की मिश्रणाचे गणित आठवीतला विद्यार्थीही करील. झाकलेला भाग गुणिले चित्राचा रंग, अधिक उरलेला भाग गुणिले पार्श्वभूमीचा रंग. पार्श्वभूमी कोणतीही असो, काठाचा हिशेब त्या त्या वेळी नव्याने होतो आणि जुन्या भिंतीचा रंग मध्ये येत नाही.

येथे थोडे थांबून एक प्रयोग सुचवतो. मच्छरदाणीच्या कापडाचे दोन तुकडे घ्या. समजा, धाग्यांनी निम्मी जागा व्यापलेली आहे. एक तुकडा उजेडासमोर धरला तर निम्मा उजेड पलीकडे जाईल. दोन तुकडे एकावर एक धरले तर किती? वर्गात बहुतेक उत्तर ‘पाव’ असे येईल आणि निम्म्याचे निम्मे म्हणून ते बरोबरही वाटेल. पण धाग्यावर धागा अचूक बसला तर निम्माच उजेड अडेल, आणि एकाचे धागे दुसऱ्याच्या छिद्रांवर आले तर सगळाच. ‘पाव’ हे उत्तर धागे कसेही, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे पडले आहेत असे गृहीत धरूनच येते. अल्फाचे नेमके हेच आहे. पिक्सेल किती झाकला हे तो सांगतो, कोणत्या बाजूने झाकला हे सांगत नाही. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रांच्या मिश्रणाचे नियम मांडले, तेही याच गृहीतकावर. बहुतेक वेळा ते चालून जाते. पण देसाईगंज आणि आरमोरी या शेजारच्या तालुक्यांची दोन वेगळी रंगीत पारदर्शक चित्रे सीमेला सीमा लावून ठेवा. सीमेवरचा पिक्सेल दोघांनी मिळून पूर्ण झाकलेला असतो, तरी गणित तो तीन चतुर्थांशच झाकला असे म्हणते आणि दोन तालुक्यांच्या मध्ये पार्श्वभूमीची केसासारखी रेघ दिसते. नकाशा करणाऱ्यांना ती आजही छळते. ही कोणत्याही ब्राउझरची चूक नव्हे. एका आकड्यात मावेल तेवढेच ज्ञान आपण साठवले, त्याचा हा परिणाम.

आता पीएनजीकडे वळू. जिफमध्ये माहिती आवळण्याची जी पद्धत वापरली होती तिच्यावर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्या पद्धतीसाठी शुल्क आकारले जाणार असे जाहीर झाले आणि १९९५ च्या जानेवारीतच टॉमस बुटेल यांनी नव्या, मुक्त चित्रप्रकाराचा पहिला आराखडा मांडला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी पीएनजी हे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचे अधिकृत मानक झाले. आमच्या मते त्या दशकातील उत्तम तांत्रिक गद्यात या मानकाची गणना व्हावी. ते नियम सांगते आणि बहुतेक ठिकाणी कारणही सांगते. पारदर्शकतेसाठी प्रत्येक पिक्सेलला २५६ पायऱ्या, आणि हव्या असल्यास ६५,५३६. केसाची बट, वितळत जाणारी सावली, रफाराचा काठ असे सगळे त्यात मावते.

एका बाबतीत मात्र त्याचा सद्भाव त्याच्यावरच उलटला. वेगवेगळ्या पडद्यांवर रंग सारखे दिसावेत म्हणून चित्राबरोबर उजळपणाच्या दुरुस्तीचा आकडा ठेवण्याची सोय त्यात होती. काही ब्राउझर चित्राला ही दुरुस्ती लावत आणि त्याच पानाच्या पार्श्वभूमीच्या रंगाला लावत नसत. परिणामी, आकड्यांनी तंतोतंत सारखे असलेले दोन रंग शेजारी ठेवले तरी वेगळे दिसत. अनुभवी मंडळी मग तो आकडा चित्रातून काढूनच टाकू लागली.

इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली. पीएनजी चित्र ती उघडत असे, साधी असेल-नसेल अशी पारदर्शकताही पाळत असे. पण प्रत्येक पिक्सेलला अल्फा असलेले चित्र आले की पारदर्शक जागी करड्या रंगाचा चौकोन दाखवत असे. मौज अशी की त्याच कंपनीच्या मॅकिंटॉशसाठीच्या पाचव्या आवृत्तीला हे काम २००० सालीच जमले होते. त्याहून मोठी मौज म्हणजे विंडोजवरच्या ब्राउझरलाही ते येत होते. फक्त सरळ दाराने नव्हे. साडेपाचव्या आवृत्तीपासून त्यात ‘अल्फा इमेज लोडर’ नावाचे एक गाळणे होते. चित्र नेहमीच्या पद्धतीने न मागता या गाळण्यातून मागवले, तर अल्फा अगदी बरोबर दिसे. कौशल्य घरात होते, पण पाहुण्याने मागच्या दाराने यावे असा रिवाज होता.

मग जगभरच्या पाने बनवणाऱ्यांनी मागच्या दाराच्या युक्त्या बनवल्या. ब्राउझर कोणता हे ओळखायचे, मूळ चित्राच्या जागी एका पिक्सेलचे रिकामे जिफ ठेवायचे आणि खरे चित्र गाळण्यातून मागे रंगवायचे. या युक्त्यांचे त्या काळी फार कौतुक झाले. आम्हाला ते कौतुक अर्धेच पटते. गाळणे लावलेल्या भागातील दुवे कधी कधी दाबले जात नसत. पार्श्वभूमीचे चित्र फरशीसारखे पुन्हा पुन्हा मांडता येत नसे. प्रत्येक चित्रागणिक स्मृती खर्च होई आणि चित्र उतरेपर्यंत ब्राउझर गोठून बसे. म्हणजे ज्याचा संगणक जुना आणि जोडणी मंद, त्याच्याच माथी सर्वांत जड पान मारले जाई, आणि ते कशासाठी, तर सावलीचा काठ मऊ दिसावा म्हणून.

सातवी आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये आली आणि तिच्यात अल्फा सरळ दाराने दिसू लागला. शहरातील तंत्रज्ञ म्हणू लागले, लोकांनी जुना ब्राउझर टाकून द्यावा. बोलणे सोपे होते. नवी आवृत्ती सुमारे १५ मेगाबाइटची. ५६ किलोबिटच्या टेलिफोन जोडणीवर, एकही अडथळा न येता, ती उतरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार. शिवाय पहिले वर्षभर, ऑक्टोबर २००७ पर्यंत, संगणकातील विंडोजची प्रत अधिकृत असल्याची खात्री पटल्याखेरीज ती बसत नसे. ज्या शाळेला संगणक कोठून तरी मिळालेला आणि त्यावर काय बसवले आहे हे कोणालाच ठाऊक नाही, तेथे जुना ब्राउझर हा हट्ट नव्हता, तीच परिस्थिती होती. एक्सपीला मिळणारा कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी त्यानंतरही ते संगणक चालूच राहिले.

याच काळात दोन साधे उपाय उपलब्ध होते. त्यांना युक्त्यांइतकी प्रसिद्धी मिळाली नाही, पण आमचे मत त्यांच्या बाजूने आहे. पीएनजीत पार्श्वभूमीचा सुचवलेला रंग लिहून ठेवण्याची जागा आहे. सहावा एक्स्प्लोरर तो रंग वाचत असे. पानाचा रंगच तेथे लिहिला, तर करड्या चौकोनाऐवजी पानात मिसळून जाणारा चौकोन दिसे. दुसरा उपाय २५६ रंगांच्या पीएनजीचा. तिच्यातही अल्फा ठेवता येतो. नवे ब्राउझर तो पूर्ण पाळत, तर सहावा एक्स्प्लोरर अर्धवट पिक्सेल सरसकट गाळून टाकी. जुन्या संगणकावर काठ खडबडीत दिसे, सावली जाई, पण मथळा वाचता येई आणि पान गोठत नसे. ‘सर्वत्र सारखे दिसले पाहिजे’ या आग्रहापेक्षा ‘सर्वत्र वाचता आले पाहिजे’ हा आग्रह शाळेच्या पानाला जास्त शोभतो. चित्र तेवढेच, काम तेवढेच, फक्त जुन्या यंत्रावर थोडे कमी सुंदर.

या सगळ्या प्रकरणात दोष ब्राउझरवर ढकलण्याची प्रथा आहे. तो दोषी होताच. पण मानकाचा मजकूर पुन्हा वाचला की आणखी एक दोषी सापडतो. अल्फा शून्य असलेल्या, म्हणजे पूर्ण अदृश्य पिक्सेललाही पीएनजीत रंग लिहिलेला असतोच. तो फक्त दिसत नाही. चित्र दाखवणारा प्रोग्राम पारदर्शकता पाळणार नाही अशीही शक्यता आहे, हे मानकाच्या लेखकांनी १९९६ मध्येच ओळखले होते. म्हणून शक्य तेथे अदृश्य पिक्सेललाही पार्श्वभूमी म्हणून शोभेल असा रंग द्यावा, अशी सूचना त्यांनी चित्र बनवणाऱ्या प्रोग्रामांना केली. ही दूरदृष्टी होती. पण ती नियम म्हणून न घालता सूचना म्हणून घातली गेली आणि पुष्कळ चित्रप्रोग्रामांनी ती मनावर घेतली नाही. अदृश्य पिक्सेलला तिन्ही शून्ये लिहिली की फाइल लहान होते, म्हणून तेच रूढ झाले. तिन्ही शून्ये म्हणजे काळा रंग.

याचे फळ आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर अल्फा व्यवस्थित पाळतात, म्हणून प्रश्न संपला असे कोणी समजू नये. पचनसंस्थेची एक आकृती घ्या. काळ्या रेघा, काळी मराठी नावे, मागे काही नाही. शिक्षकांच्या संगणकावर पान पांढरे असल्यामुळे आकृती पांढऱ्यावर काढलेली आहे असेच वाटते. ती विद्यार्थ्यांच्या फोनवर पाठवली जाते. ज्याने फोनला गडद पार्श्वभूमी लावली आहे, त्याला काळ्यावर काळे दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. दुसरीकडे, वाटेतला एखादा प्रोग्राम चित्राचे जेपेग करतो. जेपेगमध्ये अल्फाला जागाच नाही. चौथा आकडा नुसता टाकून दिला तर इतकी वर्षे झाकलेली ती तीन शून्ये उघडी पडतात आणि विद्यार्थ्याला काळा आयत मिळतो. दुसरा प्रोग्राम मागे पांढरे भरून मगच जेपेग करतो, त्यामुळे शेजारच्या मुलाला तीच आकृती छान दिसते. परीक्षेच्या आदल्या रात्री पन्नास जणांपैकी दहा जणांना काळा आयत मिळाला, तर ते दहा जण ‘सर, आकृती दिसत नाही’ असे विचारतीलच याची खात्री नाही. आपलाच फोन बिघडला असे समजून पुष्कळ मुले गप्प बसतात.

म्हणून शाळेच्या आकृत्यांपुरते आमचे म्हणणे कडक आहे. त्यांना पारदर्शकता देऊच नये. मागे पांढरा रंग भरावा आणि मगच चित्र साठवावे. पारदर्शकता ही रंगमंचावरच्या जाळीच्या पडद्यासारखी आहे. मागे काय उभे राहणार हे ठाऊक असेल तरच ती लावावी. नकाशावर नद्यांचा थर ठेवायचा आहे, छायाचित्रावर शाळेचे चिन्ह ठेवायचे आहे, अशा कामी ती हवीच. तेथेही अक्षरांभोवती दोन-तीन पिक्सेलांची पांढरी किनार मुद्दाम ठेवावी. वडशाच्या फलकावर जी किनार नको तेथे आली होती, तीच येथे जाणून घातली तर गडद पार्श्वभूमीवरही नाव वाचता येते.

चित्र पाठवण्यापूर्वी ते पांढऱ्या, काळ्या आणि लाल अशा तीन रंगांवर ठेवून पाहावे. पांढऱ्यावर पांढरी किनार लपते, काळ्यावर काळी रेघ लपते. लाल रंग मात्र दोन्ही चोऱ्या उघड करतो. हा प्रयोग नववी-दहावीचे विद्यार्थी स्वतः करू शकतात. ‘वैनगंगा’ असे मोठ्या अक्षरांत लिहून एक प्रत पांढऱ्यावर काढून कापलेली आणि एक प्रत अल्फासह साठवलेली, अशा दोन्ही लालवर ठेवाव्यात आणि पडदा मोठा करून मात्रा आणि अनुस्वार यांच्या काठाचे पिक्सेल मोजावेत. पहिल्या प्रतीत करडे सापडतील, दुसरीत काळपट लाल. वर दिलेल्या सूत्राने त्या काळपट लालचे आकडे आधी वहीत काढून ठेवावेत आणि मग पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.

पीएनजीची तिसरी आवृत्ती जून २०२५ मध्ये अधिकृत झाली. हलती चित्रे आणि अधिक उजळ पडद्यांसाठीचे रंग तिच्यात नव्याने आले. अदृश्य पिक्सेलच्या रंगाविषयीचे ते १९९६ चे वाक्य मात्र तिच्यातही सूचना म्हणूनच राहिले आहे.